कोकणातील पूर्वेचे कोरडे वारे आणि वणवा : हवामान अंदाज कसा वाचावा?

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात कोकणातील आंबा-काजू बागांना वणव्याचा मोठा धोका असतो. आठ-दहा वर्षे जपलेली कलमे तासाभरात होरपळतात. मात्र धोक्याचा दिवस बहुतेक वेळा आधी ओळखता येतो.

वारा कोरडा का होतो?

एरवी सकाळी उशिरा समुद्राकडून खारे वारे सुरू होतात आणि हवेत ओलावा येतो. पूर्वेचे वारे जोरदार असले की खारे वारे दुपारपर्यंत अडतात. घाटमाथ्यावरून उतरणारी कोरडी हवा दर १०० मीटरला सुमारे १ अंश सेल्सिअसने तापते. म्हणजे ७०० मीटर उतरताना ती सुमारे ७ अंशांनी तापते. बाष्प तेवढेच राहते, पण सापेक्ष आर्द्रता घसरते. वाळलेले गवत एक-दोन तासांतच ठिणगीने पेटण्याइतके कोरडे होते.

अंदाजात काय पाहावे?

भारतीय हवामान विभागाचा अंदाज व 'मेघदूत' ॲप पाहावे. कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी मिळतो.

- वाऱ्याची दिशा : पूर्व, ईशान्य किंवा आग्नेय. दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती बाजू.
- दुपारची आर्द्रता : ३० टक्क्यांच्या आसपास किंवा कमी.
- कमाल तापमान : सरासरीपेक्षा बरेच जास्त.

तिन्ही गोष्टी जुळल्या तर तो दिवस धोक्याचा समजावा. उष्णतेच्या लाटेच्या इशाऱ्याची वाट पाहू नये. किनारपट्टीवर तो साधारणपणे कमाल तापमान ३७ अंश किंवा अधिक असताना दिला जातो. गवत त्याआधीही पेटते. अंदाज मोठ्या क्षेत्राचा असतो. डोंगराच्या कड्यावर व खिंडीत वारा त्याहून जोरदार असू शकतो.

काय करावे?

- जानेवारीअखेर बागेभोवती गवत काढून किमान ३ ते ४ मीटर रुंद जाळरेषा तयार करावी. उताराच्या खालच्या बाजूस ती अधिक रुंद ठेवावी, कारण आग चढावर वेगाने धावते.
- झाडाच्या बुंध्याभोवतीचा पालापाचोळा दूर करावा.
- धोक्याच्या दिवशी भातरोपवाटिकेची राब भाजणी, बांध जाळणे व गवत कापणी यंत्राचा वापर टाळावा.
- पाण्याची टाकी, फवारणी पंप व ओल्या फांद्या तयार ठेवाव्यात.

आग लागल्यास

दुपारी खारे वारे सुरू होताच वारा उलटतो. तोपर्यंत पश्चिमेकडे सरकणारी आग अचानक पूर्वेकडे वळते आणि तिची शांत वाटणारी मागची बाजू पुढची होते. विझवणारे बहुधा तिथेच उभे असतात. त्यामुळे वाळलेल्या गवतात उभे राहू नये. परतीची वाट म्हणून पूर्ण जळून थंड झालेली जागा आधी हेरून ठेवावी. आग आवाक्याबाहेर वाटल्यास बागेपेक्षा जीव महत्त्वाचा. वन विभागाच्या १९२६ किंवा आपत्कालीन ११२ क्रमांकावर त्वरित कळवावे.