बाराव्या माणसाचे पाय

बल्हारशाह स्टेशनात गाडी थांबली की डोळे चोळू नका. खिडकीशी बसून आला असाल तर इंजिनाच्या कोळशाचे कण पापणीत अडकलेले असणार, आणि चोळलेत की रात्रीपर्यंत डोळे लाल राहणार. फलाटाच्या टोकाला नळ आहे. पाणी गरम येईल, तरी तोंड धुऊन घ्या. चपला पायांतच असू द्या. साल १९६५, एप्रिलचा मध्य, दुपारचे दोन. या फरशीवर आत्ता अनवाणी उभं राहणं शक्य नाही.

तुमच्यामागे ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस हिसका देऊन दिल्लीकडे निघते. तिचा धूर विरला की दुसरा वास नाकात घुसतो. थापरांची पेपर मिल बांबू शिजवत असते. सोडा, गंधक, उकडलेलं लाकूड आणि त्यावर सडक्या अंड्यांचा दर्प. दोन-तीन दिवसांत नाक मरतं, मग काही वाटत नाही, असं इथले लोक सांगतात. तुम्ही एका दिवसासाठी आलात, तेव्हा भोगा.

गावाचं नाव बल्लारपूर. जिल्ह्याला सरकारने मागच्याच वर्षी चंद्रपूर हे नाव दिलं आहे, पण रिक्षावाल्यापासून मास्तरापर्यंत सगळ्यांच्या तोंडी अजून चांदाच. तुम्हीही चांदाच म्हणा, म्हणजे रिक्षाचं भाडं वाढणार नाही. गडचिरोली या घडीला याच जिल्ह्यातलं एक गाव आहे. आलापल्लीच्या बाजूने बांबू भरलेले ट्रक येतात. बांबूची शेपटं मागे इतकी लोंबतात की वळणावर रस्ता खरडला जातो आणि पुढची दहा मिनिटं तुम्ही धूळच गिळता. खाणीची पाळी सुटली आहे. माणसं कामावरून परततात ती डोळे आणि दात सोडून काळीच. कुणी तेलुगूत शिव्या देतो, कुणी छत्तीसगढीत हसतो. पानठेल्यावरचा माणूस तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो.

“सिस्टरबाईकडे जाऊन राहिले का जी? ताप आहे का?”

तुम्ही हो म्हणा.

“जा. औषध देते अन् बाटवते, असं म्हणतात लोक. माही माय सहा महिन्यांपासून जाऊन राहिली. अजून एकादशी नाही सोडली तिनं.”

पान घ्या, पैसे द्या आणि सरळ चालत जा. आता एक गोष्ट कानात सांगतो. तुम्ही जाताय ती ओसरी, तिथली माणसं आणि हा पानठेलेवाला मी रचले आहेत. ऊन, वास, आजार आणि रीती मात्र रचलेल्या नाहीत.

ओसरीला बांबूचे तट्टे लावले आहेत. त्यांवर पाणी मारलं की पाच मिनिटं गारवा, मग पुन्हा भट्टी. रांगेत बसायला जागा नाही, तुम्ही खांबाला टेका. जेन्शन व्हायोलेट, डेटॉल, घाम, तान्ह्या पोराचं दूध आणि कुणाच्या तरी धोतराला लागलेला मोहाचा गोडसर वास, सगळं एकत्र. समोर हिवतापाने थरथरणारा मुलगा, या उकाड्यात घोंगडी पांघरून. त्याच्या पलीकडे नडगीला चिंधी बांधलेला गोंड म्हातारा. चिंधीवर माश्या बसल्या आहेत आणि तो त्या हाकलतही नाही. बाजूला बांगड्यांचा चुडा भरलेली एक बाई. ती दुखणं सांगायला लाजते आणि रांगेत नंबर आला की मागे सरकते.

सिस्टर केरळातली. मराठी शिकून फार दिवस झाले नसावेत. ‘ळ’ छान म्हणते, बाकी सगळं हिंदीत कालवते. पुढ्यात वही. “नाम? गाव? किती दिवस?” एवढं विचारते आणि औषध लिहिते. वहीत जातीचा रकाना नाही, देवाचाही नाही. लाजणाऱ्या बाईला ती रांगेतून उठवून आत नेते आणि बाहेर ताटकळलेल्या चार पुरुषांनी कुरकुर केली तर तिकडे ढुंकूनही पाहत नाही.

तेवढ्यात डफ वाजतो. चैत्री पौर्णिमा तोंडावर आली आहे आणि चांद्याच्या महाकालीला निघालेले भाविक राजुऱ्याकडून वर्धा नदी ओलांडून पायी येत आहेत. आणखी पंधरा किलोमीटर चालायचं, मग झरपट नदीत अंघोळ, मग देवीपुढे. कपाळभर हळद-कुंकू, डोक्यावर बोचकी, खांद्यावर पोरं. सगळे ओसरीत शिरत नाहीत. दोघी-तिघी शिरतात, कारण त्यांचे तळवे सोलले आहेत.

सिस्टर एनॅमलचं घमेलं ओढते. पांढरं, निळ्या काठाचं, एका बाजूला टवका उडून लोखंड दिसणारं. त्यात कडुलिंबाचा पाला घालून उकळलेलं कोमट पाणी. ती जमिनीवर मांडी घालून बसते, पहिल्या बाईचा पाय उचलून घमेल्यात ठेवते आणि बोटांच्या बेचक्यांतली माती काढू लागते. बाई अवघडते. पाय मागे ओढते. सिस्टर घोटा धरून ठेवते. पाणी आधी तांबूस होतं, मग काळं. फोड फुटतो तेव्हा बाई “अगं माय” म्हणून किंचाळते आणि पुढच्याच क्षणी हसते. मलम, कापूस, पट्टी. उठताना तिला भिंतीवरची तसबीर दिसते, कडेवर मूल घेतलेली बाई.

“ही कोण जी?”

“मरियम. आई.”

बाई बोचक्यातून कुंकवाची पुडी काढते आणि तसबिरीच्या लाकडी चौकटीला बोट टेकवते. तुम्ही सिस्टरकडे बघता, आता काय होणार म्हणून. ती पुढच्या पायासाठी घमेल्यातलं पाणी बदलते आहे.

ऊन उतरेपर्यंत ही केरळची माणसं मुळात इथे आली कशी ते ऐकून घ्या. येशूचा शिष्य थॉमस इसवी सन ५२ मध्ये मलबारच्या किनाऱ्याला लागला आणि आपले पूर्वज त्याच्याकडून ख्रिस्ती झाले, अशी केरळच्या थॉमस-ख्रिस्ती लोकांची परंपरा. त्यांचं सिरो-मलबार चर्च कॅथलिक आहे, पोपना मानतं, पण उपासनेची रीत पूर्वेकडची, सुरियानी वळणाची. शतकानुशतकं ते दक्षिणेतच राहिलं. मग १९६२ साली नागपूर महाधर्मप्रांतातून चांद्याचा मुलूख वेगळा काढून त्यांच्या स्वाधीन करण्यात आला. केरळबाहेर त्यांना मिळालेलं हे पहिलं मिशन-क्षेत्र. काम आलं सीएमआय या कार्मेलाइट संघाकडे. या संघाच्या संस्थापकांपैकी एक कुरियाकोस एलियास चावरा, ज्यांनी एकोणिसाव्या शतकात प्रत्येक चर्चशेजारी शाळा काढायचा आग्रह धरला होता. नारळ, पाणी आणि हिरवळीतून उठून या संघातली पोरं थेट चांद्याच्या एप्रिलमध्ये आली. माझ्या मते अर्धं धर्मकार्य तिथेच झालं.

अंधार पडतो. आज पवित्र गुरुवार. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण. प्रार्थनेच्या कौलारू खोलीबाहेर चपलांचा ढीग आहे. तुमच्याही तिथेच काढा आणि कुठे ठेवल्या ते लक्षात ठेवा, कारण सगळ्या सारख्याच धुळकट दिसतात. आत पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला, डोक्यावर पदर. टोकाला क्रूस असलेली पितळी समई पेटली आहे. धूपदाणी हलते आणि ऊदाचा वास पेपर मिलच्या वासाला मिनिटभर हरवतो. पंखा नाही. पुठ्ठ्याचे तुकडे, पदर, टोप्या, जे हाती लागेल ते हलतं आहे. पाठीवरून घामाची धार सरळ कमरेपर्यंत उतरते. प्रार्थना मल्याळममध्ये चालते, चाल संथ आणि अनुनासिक. काही कळत नाही. शेजारच्या तेलुगू फिटरलाही कळत नाही, तो तुमच्याकडे बघून खांदे उडवतो. प्रवचन हिंदीत होतं, आणि ती हिंदी अशी की मराठी माणसालासुद्धा धीर यावा.

मग बाकावर बारा पुरुष बसवायचे असतात. खाणीतला एक, मिलचे चौघे, रेल्वेतले दोघे, एक शिपाई, नडगीला आता स्वच्छ पट्टी असलेला तो गोंड म्हातारा, दोन शाळकरी पोरं. अकरा झाले. बारावा ऐन वेळी रात्रपाळीवर गेला आहे. फादर खोलीभर नजर फिरवतात. खाली बघू नका, उपयोग नाही.

“आप आइए.”

“मी... मी तुमच्यातला नाही.”

“पैर तो हैं न?”

लोक हसतात. तुम्ही जाऊन बसता. पँट दुमडता. आणि तेव्हा घमेलं दिसतं. पांढरं, निळ्या काठाचं, टवका उडालेलं.

पांढऱ्या झग्यातला माणूस एकेकापुढे गुडघे टेकत येतो. खाणवाल्याच्या टाचेच्या भेगांत कोळसा असा बसला आहे की पाण्याने जात नाही. मिलवाल्याचं बोट सोड्याने पांढरं पडलं आहे. म्हाताऱ्याच्या पावलाला अंगठा आणि बोटं यांच्यात ऐसपैस अंतर आहे, उभ्या जन्मात जोडा न घातल्याचं. तुमची पाळी येते. पाणी पायावर पडतं आणि दिवसभरात पहिल्यांदा अंगातून थंडावा चढतो. फादर पंच्याने पाय पुसतात, वाकून ओठ टेकवतात. तुमचे कान तापतात. आपले पाय इतके मळलेले आहेत हे सकाळी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असा फालतू विचार त्या क्षणी मनात येतो.

पलीकडे बाया बघत बसल्या आहेत. दुपारी पाय धुणारी सिस्टरही त्यांच्यातच. या बाकावर बाईला जागा नाही. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी रोमन रीतीत ती जागा स्त्रियांना मोकळी केली, सिरो-मलबार चर्चने मात्र पुरुषांचीच प्रथा ठेवली. मला हे पटत नाही, आणि दुपारची ओसरी बघितल्यावर तुम्हालाही पटणार नाही.

पुढे शांती येते. वेदीपाशी फादर सेवेकरी पोराचे जोडलेले हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरतात. पोरगा येऊन पहिल्या माणसाला ती शांती देतो, तो शेजाऱ्याला. ओळीओळीने ती तुमच्यापर्यंत येते. फिटरचे खरखरीत, ग्रीसचा वास असलेले हात तुमच्या हातांवर मिटतात. तुम्ही वळून ती पुढे द्यायची. पुढे कोण आहे ते बघायची सोय नसते.

कम्युनियन, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर, मात्र तुम्हाला मिळणार नाही. ते बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी. फादर आधीच हळू आवाजात तसं सांगतात, खेद व्यक्त करतात आणि बसून राहायला सांगतात. अर्धी खोली तुमच्यासोबत बसून राहते. मला हा स्पष्टपणा आवडतो. आमच्यात या म्हणणाऱ्याने कुठला उंबरा कुणासाठी आहे हेही सांगावं, पाहुण्याला चाचपडत ठेवू नये.

खायचं मात्र सगळ्यांनी. रेल्वे क्वार्टरमधल्या एका मल्याळी घरात पेसहा अप्पम उकडला आहे. तांदूळ आणि उडदाची डाळ, खमीर न घातलेलं, वर मागच्या रविवारच्या झावळीचा छोटा क्रूस. ती झावळीसुद्धा शिंदीची, कारण इथे नारळ कुठला? तांदूळ चांद्याचा, गूळ बाजारचा, आणि दुधासाठीचा नारळ देवळाजवळच्या दुकानातून चढ्या भावाने आणलेला. केरळात कित्येक घरांत हा अप्पम घरच्यांपलीकडे देत नाहीत. घरातली अम्मा क्षणभर थांबते, दारात उभे असलेले मोजते आणि तुकडे लहान करते. वडीलधारा आधी, मग वयाप्रमाणे. तुमच्या तळहातावर बोटभर तुकडा पडतो, त्यावर नारळाचं कोमट, गोड दूध. ज्यांना तो पुरत नाही त्यांच्यासाठी भाताची पेज आणि मूग आहेत. म्हातारा पेज पिताना पहिल्यांदाच बोलतो. त्याला मीठ हवं असतं.

बाहेर या. चांदणं लख्ख आहे. ईस्टर वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी धरतात, त्यामुळे महाकालीची यात्रा आणि हा आठवडा पुष्कळदा एकाच चंद्राखाली येतात. रस्त्याने अजून डफ जात आहेत. तुमची गाडी मध्यरात्रीनंतर आहे.

पुढचं थोडक्यात. १९७७ साली चांदा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, जानुआरियुस पालातुरुती त्याचे पहिले बिशप. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, १९९९ साली आदिलाबादचा धर्मप्रांत. चंद्रपूरच्या तुकूममध्ये चांदा धर्मप्रांताचं क्राइस्ट हॉस्पिटल आहे, आणि बिशपचं आसन आजही बल्लारपूरलाच. तिथल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये कधी पवित्र गुरुवारी गेलात तर मागे बसा, शांती आली की पुढे द्या, कम्युनियनच्या रांगेत घुसू नका. आणि पाण्याची मोठी बाटली न्या. एप्रिल तिथे अजून तसाच आहे.