चेहरे, दिवे आणि पत्र्याचे डबे

१९७३ साली फ्रान्समधील दिजों येथील एका शाळेत क्रिस्तियां बोल्तान्स्की या तरुण कलावंताने विद्यार्थ्यांना आपापले एकेक छायाचित्र आणावयास सांगितले. मुलांनी ती आणली आणि चौकटींत बसवून ती शाळेतच लावण्यात आली. पुढे १९८६ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयाच्या जुन्या प्रार्थनामंदिरात तेच चेहरे पुन्हा अवतरले. आता ते मोठे केलेले होते, पत्र्याच्या चौकटींत होते. त्यांच्याभोवती लहान विजेचे दिवे तेवत होते आणि दिव्यांच्या तारा चेहऱ्यांवरूनच लोंबत होत्या. प्रदर्शनाचे नाव ईस्टरपूर्व सप्ताहातील एका ख्रिस्ती उपासनेवरून घेतलेले होते. त्या उपासनेत मेणबत्त्या एकामागून एक विझवीत जातात.

पाहणाऱ्याला वाटे, ही मृत बालकांची स्मारके आहेत. वस्तुतः ही मुले तेव्हा विशी-पंचविशीत पोहोचलेली, आपापल्या उद्योगाला लागलेली असणार. बोल्तान्स्कीचा युक्तिवाद असा की मेले ते त्यांचे बालपण. ते प्रत्येकाच्या आत मरून पडलेले असते. हा विचार काव्यात्म आहे खरा. परंतु शाळेसाठी म्हणून दिलेले छायाचित्र समाधीवर लावण्यास त्या मुलांनी संमती दिली होती काय, हा प्रश्न त्याने पुसला जात नाही.

बोल्तान्स्कीचा जन्म सप्टेंबर १९४४ चा, पॅरिस मुक्त झाल्यानंतर अवघ्या काही दिवसांचा. ज्यू वंशाचे त्याचे वडील जर्मन अंमलात घराच्या जमिनीखालील पोकळीत दीर्घकाळ दडून राहिले होते. आपली कला छळछावण्यांविषयीची नव्हे, छावण्यांनंतरची आहे, असे तो सांगत असे. हा भेद केवळ शब्दच्छल नाही, हे त्याची पुढची कृती पाहिल्यावर ध्यानात येते.

व्हिएन्नातील खायेस या ज्यू शाळेच्या १९३१ च्या शेवटच्या वर्गाचे एक समूहचित्र त्याच्या हाती आले. त्यातला एकेक चेहरा त्याने वेगळा काढला आणि इतका मोठा केला की छपाईचे कण फुटले, डोळ्यांच्या जागी काळ्या खोबणी उरल्या. खाली बिस्किटांचे पत्र्याचे डबे रचले. असल्या डब्यांना जुनेपण यावे म्हणून तो त्यांवर कोकाकोला ओतून गंज चढवीत असे. प्रत्येक चेहऱ्यासमोर टेबलावरचा दिवा असा रोखला की प्रकाशानेच चेहरा झाकला जावा. देवापुढच्या समईचा प्रकाश आणि चौकशीच्या खोलीतला प्रकाश येथे एकच होतात. या मांडणशिल्पाचे सारे सामर्थ्य, मला वाटते, या दिव्यात आहे. डबे मात्र थोडे नाटकी वाटतात.

१९३१ मध्ये त्या वर्गातील कोणाला १९३८ ची चाहूल नव्हती. ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाला आणि व्हिएन्नातील ज्यूंवर जे कोसळले ते आपण जाणतो. म्हणूनच त्या हसण्याकडे आपल्याला निर्मळपणे पाहता येत नाही. अशा मुलांची आठवण भारतीय वाचकाला 'डाकघर'मुळे आहे. जुलै १९४२ मध्ये वॉर्साच्या बंदिस्त वस्तीतील यानुश कोर्चाक यांच्या अनाथालयात मुलांनी ते नाटक केले आणि तीन आठवड्यांच्या आतच कोर्चाकांसह त्यांना त्रेब्लिंकाला नेण्यात आले. त्या मुलांच्या वाट्याला निदान खिडकीशी बसलेल्या अमलचे संवाद आले होते. बोल्तान्स्कीच्या मुलांना तो बोलू देत नाही, त्यांना नावही देत नाही.

हे अनामपण अनेक समीक्षकांना सार्वत्रिकतेचे लक्षण वाटते. मला ते तितके निर्दोष वाटत नाही. दिजोंचे वाढून मोठे झालेले मूल आणि व्हिएन्नातून हाकलले गेलेले मूल यांना एकाच दिव्याखाली बसविल्यावर काळाने नेलेले आणि माणसांनी मारलेले यांतली रेषा पुसट होते. ती पुसट व्हावी, पाहणाऱ्याने आपणहून ती शोधावी, असाच हेतू असेल. तरी त्याची किंमत चेहऱ्यांनी मोजली आहे. शीर्षकात तर शाळेचे नावही चुकीच्या वर्णलेखनाने आले आणि तसेच राहिले.

ही कृती अमेरिकेत दाखविली गेल्यानंतर १९३१ च्या त्या छायाचित्रातील एक गृहस्थ न्यूयॉर्कमध्ये हयात असल्याचे उघडकीस आले. त्यांनी स्वतःला त्या चित्रात ओळखले होते.