झरोक्यांचे विमान पुन्हा रंगविताना

‘एम्परर अशोक’ हे एअर इंडियाचे पहिले बोइंग ७४७ विमान १९७१ साली मुंबईत दाखल झाले, तेव्हा त्याच्या खिडक्यांभोवती लाल रंगाच्या महिरपी रेखाटलेल्या होत्या. राजवाड्याच्या झरोक्यांचा भास निर्माण करणाऱ्या या महिरपी आणि ‘आकाशातील राजवाडा’ ही जाहिरात यांनी त्या काळातील मुंबईकरांच्या मनात घर केले. ते विमान आज अस्तित्वात नाही. संगणकाच्या पडद्यावर मात्र ते अजूनही सांताक्रूझच्या धावपट्टीवरून उड्डाण करते, कारण कोणीतरी रात्री जागवून त्याच्या महिरपी एकेक करून पुन्हा रंगविल्या आहेत.

संगणकावरील विमानोड्डाणाचा, अर्थात ‘फ्लाइट सिम्युलेशन’चा छंद चार दशकांहून अधिक जुना आहे. ब्रूस आर्टविक यांनी लिहिलेली पहिली आज्ञावली १९७९ मध्ये ‘ॲपल-टू’ संगणकासाठी बाजारात आली आणि १९८२ मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ अवतरला. राइट बंधूंच्या उड्डाणाच्या शताब्दीनिमित्त २००३ मध्ये निघालेल्या आवृत्तीत ‘राइट फ्लायर’, ‘फोर्ड ट्रायमोटर’, ‘डीसी-३’ अशी ऐतिहासिक विमाने होती. पण जेट युगाच्या पहिल्या पर्वातील प्रवासी विमाने तीत नव्हती. ती उणीव हौशी मंडळींनी भरून काढली. ‘हिस्टॉरिक जेटलायनर्स ग्रुप’सारख्या गटांनी ७०७, डीसी-८ आदी विमानांची प्रतिरूपे तयार करून ती विनामूल्य उपलब्ध करून दिली. या प्रतिरूपांवर निरनिराळ्या कंपन्यांचे जुने रंग चढविणारे, म्हणजे ‘रिपेंट’ करणारे, हा या छंदातील एक स्वतंत्र पंथच होय.

विमान कंपनीच्या विशिष्ट रंगवेशाला ‘लिव्हरी’ म्हणतात. संगणकातील विमान हा मुळात एक पोकळ, त्रिमितीय सांगाडा असतो. त्याची कातडी सोलून सपाट अंथरावी, त्याप्रमाणे धड, पंख, शेपूट व इंजिने यांचे पृष्ठभाग एक-दोन चौकोनी चित्रांवर मांडलेले असतात. रंगकाम या सपाट चित्रावर करावयाचे. संगणक ते सांगाड्यावर गुंडाळतो. धडाच्या मध्यभागी हे सोपे जाते. नाकाच्या टोकाशी आणि शेपटीच्या बुंध्याशी मात्र चित्र ताणले जाते, सरळ पट्टा वाकडा दिसू लागतो आणि तो सरळ दिसावा म्हणून मूळ चित्रात मुद्दाम वाकडा काढावा लागतो. प्रतिरूप तयार करणारे अनेकदा पत्र्यांचे सांधे, रिबिटी, दारांच्या कडा व मळ यांचे वेगवेगळे थर असलेले ‘पेंट किट’ देतात. त्यामुळे रंगाऱ्याचे श्रम वाचतात. पण महिरपी काढून देणारे किट कोठून आणावयाचे?

महिरपींची अडचण आकड्यांत पाहण्यासारखी आहे. ७४७-२०० या विमानाची लांबी सुमारे ७०.६ मीटर, आणि एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंतचे अंतर २० इंच, म्हणजे जेमतेम ५१ सेंटिमीटर. जुन्या सिम्युलेटरमध्ये रंगचित्राची नेहमीची रुंदी १०२४ पिक्सेल असे. संपूर्ण धड तेवढ्यात बसविले, तर एक पिक्सेल जवळपास सात सेंटिमीटरचा होतो आणि एका महिरपीच्या वाट्याला सातच पिक्सेल येतात. सात ठिपक्यांत कमान काढावयाची, तिच्या आत खिडकीही दाखवावयाची आणि शेजारच्या कमानीशी ती भिडू द्यावयाची नाही! त्यातच फाइल लहान करण्याच्या तत्कालीन पद्धतीत चार बाय चार ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीत दोनच मूळ रंग आणि त्यांच्या मधल्या दोन छटा राहत. बारीक तपशिलाच्या कडा त्यामुळे ओबडधोबड होत. पुढे ४०९६ पिक्सेलची चित्रे चालू लागली, तेव्हा तीच महिरप सुमारे तीस ठिपक्यांत मावू लागली आणि तिचा बाक प्रथमच नीट दिसला.

रंगांचा प्रश्न याहून बिकट आहे. एअर इंडियाचा लाल नेमका कोणता, याचे उत्तर बहुतेक वेळा जुन्या छायाचित्रांतच शोधावे लागते आणि जुनी छायाचित्रे खोटे बोलतात. कोडॅक्रोम पारदर्शिका अंधारात ठेवल्यास रंग चांगले टिकवून धरते. त्या काळातील इतर अनेक फिल्म कालांतराने किरमिजी पडल्या. सायंकाळच्या उन्हात लाल रंग नारिंगीकडे झुकतो. शिवाय विमानावरचा खरा रंगही उन्हापावसात विटतो, त्यामुळे एकाच विमानाची दोन वर्षांच्या अंतराने घेतलेली छायाचित्रे दोन वेगळे लाल दाखवितात. जाणकार रंगारी छायाचित्रात आधी पांढरा शोधतो. विमानाचे छप्पर पांढरेच होते हे ठाऊक असल्याने त्या पांढऱ्यात शिरलेली झाक वजा करावयाची आणि मग लालाकडे वळावयाचे. अनेक छायाचित्रांवर हा प्रयोग केल्यानंतर एक छटा हाती लागते. तिला अंदाज म्हणणेच प्रामाणिकपणाचे.

अक्षरांबाबत मराठी वाचकाला विशेष कुतूहल वाटावे अशी गोष्ट आहे. एअर इंडियाच्या विमानांवर एका बाजूस कंपनीचे नाव रोमन लिपीत आणि दुसऱ्या बाजूस देवनागरीत असे. सांगाडा तयार करणाऱ्याने विमानाच्या दोन्ही बाजूंना एकच चित्र वापरले असेल, तर एका बाजूची अक्षरे आरशात पाहिल्यासारखी उलटी उमटतात आणि दोन लिप्यांचा तर प्रश्नच निकालात निघतो. दोन्ही बाजू स्वतंत्र असल्या, तरी देवनागरी अक्षरांचे ते वळण संगणकातील कोणत्याही तयार टंकात सहसा सापडत नाही. ती अक्षरे छायाचित्रावरून गिरवावी लागतात. परदेशी रंगाऱ्यांच्या कामात शिरोरेखा तुटलेली किंवा वेलांटी भलत्याच अक्षरावर गेलेली आढळली, तर नवल नाही. लिपी वाचता न येणारा माणूस अक्षराची केवळ आकृती काढतो.

नवख्या आणि मुरलेल्या रंगाऱ्यातील खरा फरक कळतो तो तारखेवरून. रंगवेश कंपनीचा असतो हा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो एका विमानाचा आणि एका काळाचा असतो. ‘एम्परर अशोक’ हे ७४७-२३७बी या प्रकारचे. यातील ३७ हा बोइंगने एअर इंडियाला दिलेला ग्राहक क्रमांक. सिम्युलेटरसोबत मात्र अनेक वर्षे ७४७-४०० हेच प्रतिरूप मिळत असे. त्याचे वरचे मजले लांब आणि पंखांची टोके वर वळलेली. त्यावर १९७१ चा रंग चढवून ‘अशोक’ असे नाव घालणे म्हणजे शिवकालीन मावळ्याच्या हाती बंदूक कारखान्यातील रायफल देण्यासारखे आहे. गंमत अशी, की महिरपी असलेले ७४७-४०० विमान अगदीच खोटे नव्हे. एअर इंडियाने १९८९ मध्ये पांढरे धड, गर्द लाल शेपूट व त्यावर सोनेरी चक्र असा नवा वेश आणला. ताफ्यातील सुमारे निम्म्या विमानांना तो चढल्यावर प्रवाशांनी नापसंती दर्शविली आणि दोनेक वर्षांत कंपनी जुन्या वेशाकडे परतली. त्यानंतर, १९९३ पासून आलेली ७४७-४०० विमाने महिरपी घेऊनच आली. म्हणजे महिरपी योग्य आणि नाव चूक, असे होऊ शकते. ७०७ विमानांचेही तसेच. एअर इंडियाच्या ७०७-४३७ विमानांना रोल्स-रॉइसची ‘कॉनवे’ इंजिने होती आणि नंतरच्या ७०७-३३७ विमानांना प्रॅट अँड व्हिटनीची. इंजिनाचे आवरण चुकले, की जाणत्याच्या नजरेला ते लगेच खटकते.

अमेरिकेच्या ब्रॅनिफ कंपनीने १९६५ मध्ये अलेक्झांडर जिरार्ड यांच्या आराखड्यानुसार प्रत्येक विमान वेगळ्या एकाच भडक रंगात रंगविले. तेथे तर कोणते विमान, कोणत्या साली, कोणत्या रंगात, याची वहीच ठेवावी लागते. याबाबत खुद्द विमान कंपन्या हौशी मंडळींइतक्या काटेकोर नसतात. ब्रिटिश एअरवेजने शताब्दीनिमित्त २०१९ मध्ये आपल्या एका ७४७-४०० विमानाला ‘बीओएसी’चा जुना वेश चढविला. बीओएसी १९७४ मध्ये विलीन झाली आणि ७४७-४०० प्रवासी सेवेत आले ते १९८९ मध्ये! संगणकावर एखाद्याने हेच केले असते, तर त्याला चार ओळींचा खुलासा द्यावा लागला असता.

विमानाची ओळख इतकी नेमकी ठरली, की तिच्यासोबत त्याचे भवितव्यही येते. ‘एम्परर अशोक’ची नोंदणी अक्षरे व्हीटी-ईबीडी. १ जानेवारी १९७८ च्या रात्री हे विमान मुंबईहून दुबईकडे निघाले आणि उड्डाणानंतर काही क्षणांतच वांद्र्याच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात कोसळले. त्यातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. एअर इंडियाच्या विमानांची जी नावे सामान्य वाचकाच्या ओठावर आहेत, त्यांतील बहुतेकांची कथा अशीच आहे. १९४८ मध्ये मुंबई-लंडन सेवेचा शुभारंभ करणारे ‘मलबार प्रिन्सेस’ १९५० मध्ये माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. ‘कांचनजंगा’ १९६६ मध्ये त्याच पर्वतावर, डॉ. होमी भाभा यांच्यासह. आणि ‘एम्परर कनिष्क’ १९८५ मध्ये आयर्लंडजवळ बॉम्बस्फोटात ३२९ जणांसह नष्ट झाले.

रंगाऱ्यापुढे मग पेच उभा राहतो. ही अक्षरे शेपटीजवळ लिहावयाची की ताफ्यातील दुसऱ्या, सुखरूप निवृत्त झालेल्या विमानाची? मृतांचे आप्त आजही मुंबईत आहेत, आणि कोणी तरुण संगणकावर तेच विमान घेऊन त्याच समुद्रावर वळण घेतो, ही कल्पना त्यांना रुचेलच असे नाही. तरीही अक्षरे वगळल्याने ‘अशोक’ रंगविलेच जात नाही. उरतो तो फक्त कंपनीचा रंग. सात वर्षे या विमानाने प्रवाशांना नेले-आणले, तो इतिहासही त्या अक्षरांखालीच नोंदलेला आहे. ती लिहावीत आणि सोबतच्या माहितीपत्रात अपघाताची तारीख व मृतांची संख्याही द्यावी, हा मार्ग अधिक सभ्य वाटतो. अपघाताचे प्रात्यक्षिक मांडून ते करमणूक म्हणून दाखविणे ही निराळी गोष्ट आहे. तिचे समर्थन करता येणार नाही.

एवढे सायास करूनही काम टिकेल याची शाश्वती नसते. एका प्रतिरूपासाठी केलेले रंगचित्र दुसऱ्यावर चालत नाही, कारण प्रत्येकाची कातडी वेगळ्या रीतीने उलगडलेली असते. जुने रंगारी पत्र्यावरची चमक व सावली हातानेच रंगवीत. २०२० मध्ये आलेल्या सिम्युलेटरमध्ये पृष्ठभाग किती खडबडीत, किती धातूसारखा, हे स्वतंत्र चित्रांत सांगावे लागते आणि प्रकाश संगणक स्वतः टाकतो. जुने चित्र तेथे वापरले, तर एकाच पत्र्यावर दोन सूर्यांचा उजेड पडल्यासारखे दिसते. म्हणून अनुभवी मंडळी तयार चित्रापेक्षा थरांची मूळ फाइल जपून ठेवण्यास सांगतात. लाल रंगाचा थर वेगळा, महिरपींचा वेगळा, अक्षरांचा वेगळा असला, तर नव्या सांगाड्यावर ते पुन्हा बसविता येतात.

एअर इंडियाचा वेश २००७ मध्ये बदलला आणि टाटा समूहाकडे कंपनी परतल्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये पुन्हा बदलला. नव्या चिन्हात खिडकीच्या चौकटीचा केवळ संकेत उरला आहे. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीचे एक जुने ७४७-४०० विमान मुंबईहून पंख डोलावून अमेरिकेला रवाना झाले, तेव्हा त्याच्या खिडक्यांभोवती लाल महिरपी होत्या. त्या दिवशीची असंख्य छायाचित्रे प्रसिद्ध झाली आहेत. स्वच्छ उजेडात, दोन्ही बाजूंनी आणि अलीकडच्या कॅमेऱ्यांनी टिपलेला असा पुरावा १९७१ च्या विमानासाठी मिळणे दुरापास्तच.