पुनःश्रवण : एका ध्वनिमुद्रिकेचे

एखादी कलाकृती अभिजात ठरली, की तिच्याविषयी बोलले पुष्कळ जाते. तिचा प्रत्यक्ष आस्वाद मात्र विरळ होत जातो. बीटल्स या इंग्रज वाद्यवृंदाची १९६७ साली प्रकाशित झालेली ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ ही ध्वनिमुद्रिका याचे बोलके उदाहरण होय. ‘युगप्रवर्तक’ हे विशेषण तिला चिकटले आणि त्याच्याआड तिचा नाद दडत गेला.

लंडनच्या ॲबे रोडवरील ध्वनिमुद्रणगृहात, चारपदरी फितींवर ती साकारली. निर्माते जॉर्ज मार्टिन. बीटल्सनी स्वतः लक्ष घातले ते मोनो मिश्रणात. स्टिरिओ मिश्रण त्या मानाने घाईने उरकले गेले. पुढील पिढ्यांच्या कानी मात्र मुख्यतः स्टिरिओच पडले. ‘शीज लीव्हिंग होम’ हे गीत मोनोत काहीसे द्रुत व चढ्या स्वरात आहे, स्टिरिओत ते संथ आहे. म्हणजे एकाच गीताची चर्चा करणारे दोन रसिक वस्तुतः दोन भिन्न पाठांविषयी बोलत होते. २०१७ साली जाइल्स मार्टिन यांनी मूळ फितींवरून नवे स्टिरिओ मिश्रण सिद्ध केले, ते मोनोचा आदर्श समोर ठेवून. प्राचीन पोथ्यांच्या पाठचिकित्सेशी या कार्याचे नाते उघड आहे.

परंतु पाठशुद्धीने सारेच ऐकू येते असे नाही. जॉर्ज हॅरिसन यांच्या ‘विदिन यू विदाउट यू’ या रचनेत इतर तिघे बीटल्स नाहीत. आहेत ते लंडनच्या ‘एशियन म्युझिक सर्कल’शी संबंधित भारतीय वादक. दिलरुब्याची मींड व्हायोलिन आणि चेलो यांनी अनुसरावी, अशी योजना मार्टिन यांनी केली. तेथे पाश्चात्त्य वाद्ये भारतीय वाद्याच्या मागे चालतात. मुद्रिकेच्या मुखपृष्ठावर चार भारतीय योग्यांचे चेहरे झळकले. या वादकांची नावे मात्र वेष्टनावर कोठेच नव्हती. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा आणि नटवर सोनी ही नावे सर्वतोमुखी व्हायला २०१७ साल उजाडावे लागले.

पन्नास वर्षे हा दिलरुबा जगाने ऐकला, पण ‘पौर्वात्य वातावरण’ म्हणून. वातावरणाला नाव नसते, वादकाला असते. नव्या कानांनी ऐकणे म्हणजे हा भेद ओळखणे. तो ओळखल्यावर त्या रचनेतील गज फिरवणारा हात प्रथमच कुणा एका माणसाचा होतो.