हॉटेलचे दार, कुत्रा आणि माणूस

पुण्या-मुंबईकडे हल्ली अशी उपाहारगृहे निघाली आहेत की, तेथे धन्याबरोबर त्याचा पाळलेला कुत्राही जातो. त्याच्यापुढे पाण्याचे भांडे येते, क्वचित वेगळा पदार्थही येतो. फ्रान्समध्ये ही चाल जुनीच. आमच्या कबनुरात हे सांगितले तर मागावरची मंडळी हसतील. मला त्यात हसण्यासारखे दिसत नाही. मुका जीव धन्याच्या पायाशी बसला तर कोणाचे काय गेले? मला प्रश्न पडतो तो दाराचा. ते कोणाला उघडले आणि केव्हा?

दाराशी कुत्र्यावरून झालेली हुज्जत आपल्याकडे फार जुनी आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात इंद्र धर्मराजाला सांगतो की, कुत्रे बाळगणाऱ्यास स्वर्गात जागा नाही. आणि धर्मराज कुत्र्याला टाकून आत जाण्याचे नाकारतो. कीर्तनात ही कथा ऐकून डोळे पुसणारे आपले लोक घरी जाताना मात्र वाटेतल्या माणसाचा विटाळ मानीत.

'कुत्र्यांना व हिंदी लोकांना मज्जाव' अशा गोऱ्यांच्या पाट्यांबद्दल आपण चिडून बोलतो. शांघायच्या नदीकाठच्या बागेची अशीच पाटी जगभर गाजली. वास्तविक तेथील १९१७ च्या नियमांत ही कलमे दोन होती. एकात बाग परकीयांसाठी राखीव, तर दुसऱ्यात कुत्री व सायकली यांना बंदी. चिनी लोकांनी दोन्ही एका ओळीत वाचली. माझ्या मते बरोबर वाचली! १९२८ साली ती बाग त्यांना खुली झाली.

पण आपल्या घरचे काय? महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, अस्पृश्य माणसांना होता. तो मोडावयास २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना ओंजळ भरावी लागली. चहाच्या दुकानांत अस्पृश्यांची कपबशी निराळी, ती बाहेर ठेवलेली, पिणाऱ्यानेच विसळावयाची. दुकानाच्या पायरीशी कुत्रे निवांत झोपलेले असे. त्याला कोणी जात विचारीत नसे.

आपल्या कोल्हापुराने येथे मोठे काम केले. गंगाराम कांबळे हे संस्थानच्या पागेतले नोकर. पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना पैसे देऊन चहाचे हॉटेल काढावयास लावले आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला. बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही घ्यावा लागला. सार्वजनिक ठिकाणी शिवाशीव पाळू नये, असा महाराजांचा हुकूम १९१९ चा. परंतु मला वाटते, हुकमापेक्षा त्या एका कपाने अधिक काम केले. हुकूम वाचून दाखवावा लागतो. राजा चहा पिताना सारी पेठ पाहते.

पुढे २६ जानेवारी १९५० पासून संविधानाच्या पंधराव्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले सर्वांना खुली केली. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यता पाळणाऱ्यास शिक्षा ठरविली.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला. त्यामागोमाग आमच्या भागात माग वाढले, तशी चहाची हॉटेलेही. संघटनेच्या कितीतरी बैठका आम्ही तेथल्या बाकांवरच घेतल्या. तेथे दार नव्हतेच म्हणा, नुसते छप्पर! आता काचेचे दार असलेली हॉटेले झाली आहेत. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांप्रमाणे खाद्यगृहाच्या आवारात जनावर येऊ नये. तरी हौशी मालक वाट काढतात. आमच्या कांडीवाल्याला मात्र कोणताही नियम अडवीत नाही. परवा पाळी सुटल्यावर एकाला म्हटले, "चल, आत बसू." त्याने अंगावरचे सूत झटकले, काचेतून आत पाहिले आणि म्हणाला, "नको अण्णा, गाड्यावरच घेऊ."