ओट्याखालची भूमी

देवालयाचा जीर्णोद्धार म्हटला की भाविकांची दृष्टी प्रथम कळसाकडे जाते. ते स्वाभाविकच आहे. परंतु ज्या फरसबंद ओट्यावर आपण भजनाला बसतो, सप्ताहाच्या पंगती वाढतो, त्याच्या पोटात काय आहे याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. जुन्या जाणत्यांनी मात्र ती केली होती.

सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात भूमीची परीक्षा सांगितली आहे. हातभर खड्डा खणावा व त्याच मातीने तो पुन्हा भरावा. माती उरली तर भूमी उत्तम, पुरेपूर झाली तर मध्यम, कमी पडली तर वर्ज्य. यात नुसता शकुन नाही. घट्ट भूमीची माती खणली की फुलते, म्हणून उरते. पोकळ भूमीची माती दबून बसते, म्हणून कमी पडते.

दूर रोम देशातही हाच अनुभव होता. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस लिहितो की, जमीन भरावाची असेल तर ती फार काळजीने चोपावी. त्यावर मुठीएवढे दगड रचावे आणि वर चुना व खडीचा थर माणसांच्या टोळ्या लावून लाकडी धुमसांनी ठोकावा. उघड्यावरच्या फरसबंदीस दर दहा फुटांस दोन अंगुळे उतारही तो सांगतो.

आपल्याकडे सिन्नरचे यादवकालीन गोंदेश्वर मंदिर पाहावे. मधले शिवालय व भोवतालची चार लहान देवळे एकाच उंच दगडी चौथऱ्यावर उभी आहेत. अशा चौथऱ्याखालची भूमी एका अंगाला खचली, तर वरचे दगडकाम कितीही सुबक असले तरी टिकणार नाही.

काळ्या मातीच्या गावाला तर ही गोष्ट अधिकच लागू. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून ओटा घालताना ती काढून टाकावी, शक्य तेथे मुरमापर्यंत खाली जावे. मग कडेचे दगड पक्के बसवून आत मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरावा. प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने चोपावे. पाणसळ लावून उतार देवळापासून बाहेर काढावा. सर्वांत शेवटी फरशी.

उंचीचेही भान हवे. नवा ओटा जुन्या जोत्याच्या कोरीव थरांवर चढला, तर ते गाडले जातात. आणि उंबऱ्याच्या बरोबरीला आला, तर पावसाचे पाणी गाभाऱ्याची वाट धरते. ओटा नेहमी उंबऱ्याच्या खालीच राहिला पाहिजे.

भराव एका दिवसात ओतून वर फरशी बसविली तर खर्च वाचल्यासारखा वाटतो. पुढे फरशी डुगडुगते, पाणी भिंतीकडे वळते व जोत्यात मुरते. मग दुरुस्ती ओट्याची नव्हे, देवळाची करावी लागते.

फरशीवर देणगीदाराचे नाव कोरता येते, मुरमावर येत नाही. तरीही ज्या दात्यांनी आपली देणगी या न दिसणाऱ्या थरांसाठी द्यावी आणि ज्या ग्रामस्थांनी धुमस हाती घेऊन श्रमदान करावे, त्यांच्याच आधारावर पुढच्या पिढ्यांच्या पंगती बसणार आहेत.