इंदूरचा उकिरडा आणि दंडाणूंचे कूळ

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, असे आपले पूर्वज म्हणत. आमच्या इंदूर नगरीने मात्र ही बारा वर्षांची मुदत नव्वद दिवसांवर आणून ठेवली. ही गोष्ट नव्या पिढीला फारशी ठाऊक नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज कृषिशास्त्रज्ञ १९२४ साली इंदुरास आले. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर वनस्पती-उद्योग संस्था उभी राहिली आणि हॉवर्ड तिचे संचालक झाले. संस्थेचे मुख्य काम कापसाचे. परंतु कापूस सुधारायचा तर आधी माती सुधारली पाहिजे, हे हॉवर्ड यांनी ओळखले. माळव्यात शेण चुलीत जात होते आणि पऱ्हाट्या, पालापाचोळा, तण वाया जात होते. चीनमधील शेतकरी शतकानुशतके जे करीत आले, त्याला शास्त्राची शिस्त लावावी, असे त्यांनी ठरविले.

यातून जी रीत सिद्ध झाली, ती जगात 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. टणक पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यायच्या. काडीकचरा गुरांखाली अंथरायचा. मग ३० फूट लांब व १४ फूट रुंद खड्ड्यात तो थराथराने भरून त्यावर गोमूत्राने भिजलेली माती, राख व शेणकाला घालायचा. ठरावीक अंतराने तीन वेळा तो उलथापालथा करायचा. ढीग आरंभी ६५ अंशांच्या आसपास तापतो, हळूहळू निवत जातो आणि तीन महिन्यांत काळेभोर, मातीचा वास असलेले खत हाती येते. १९३१ साली या प्रयोगांवरचे इंग्रजी पुस्तक निघाले. त्यावर लेखक म्हणून दोन नावे आहेत : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. वाड हे संस्थेतील रसायनशास्त्राचे प्रमुख साहाय्यक होते.

हा ढीग तापवितो कोण? विस्तव नाही, ऊन नाही. तरी आत हात घालवत नाही. याचे उत्तर सूक्ष्म जीवांत आहे. कचरा खाताना ते जी ऊर्जा मोकळी करतात, तिचीच ही ऊब. आरंभी सामान्य जिवाणू व बुरशा काम करतात; पण उष्णता पन्नास अंशांच्या पुढे गेली की त्यातील बहुतेक माघार घेतात, आणि मैदान मुख्यत्वे बॅसिलस कुळातील दंडाणूंच्या ताब्यात येते. अमेरिकेत १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा तापलेल्या कचऱ्यातून वेगळ्या केलेल्या जिवाणूंपैकी शेकडा ८७ याच कुळातले निघाले. हॉवर्ड व वाड यांच्याजवळ ही गणना नव्हती. पण या जिवांना हवा, ओल व अन्न किती लागते, हे त्यांनी ढिगाकडूनच शिकून घेतले होते.

या कुळाची ओळख जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी १८७२ साली करून दिली. गवताचा काढा उकळला तरी त्यातून पुन्हा जीव का उपजतात, याचा उलगडा त्यांनी १८७६ मध्ये केला. संकटकाळी हे दंडाणू जाड कवचाचा बीजाणू बनवून निपचित पडून राहतात आणि दिवस पालटले की पुन्हा रुजतात. त्याच वर्षी रॉबर्ट कॉख यांनी गुरांच्या काळपुळीचे मूळ याच कुळातील एका दंडाणूत आहे, असे दाखविले. एकाच घराण्यात मारक आणि तारक दोन्ही निघावेत, हे आपल्या पुराणांना नवे नाही.

या घराण्याचे उपयोग तरी किती! कपडे धुण्याच्या पावडरीतील डाग पचविणारी विकरे यांचीच. रुग्णालयात शस्त्रे वाफेने खरोखर निर्जंतुक झाली की नाही, याची परीक्षा याच कुळातील उष्णताप्रेमी जातीचे बीजाणू ठेवून करतात. ते मेले म्हणजे बाकीचे मेलेच. या जातीचे बॅसिलस हे आडनाव २००१ साली बदलून जिओबॅसिलस झाले. १९९३ साली पेनीबॅसिलस हे बिऱ्हाडही वेगळे झाले होते. जपानमध्ये १९०१ साली रेशमाचे किडे मारणारा म्हणून सापडलेला आणि पुढे जर्मनीतील थुरिंगिया प्रांतावरून नाव मिळालेला दंडाणू तर आमच्या निमाडच्या कपाशीत शिरला. त्याचे अळीनाशक जनुक घातलेल्या बीटी कपाशीला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. आरंभी फवारण्या घटल्या. पण काही वर्षांत गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली. हजारो जिवांच्या मेळ्यावर विसंबणे आणि त्यातील एकाच्या एका गुणावर विसंबणे, यांतील अंतर यातून कळावे.

आम्ही शासकीय सेवेत असताना खतखड्ड्यांचे मासिक तक्ते आमच्याही हातून वर गेले. किती खड्डे खणले, याचा रकाना त्यात होता. किती तापले, याचा नव्हता. तो असावा, असे आम्हांलाही तेव्हा सुचले नाही. खड्डा खणला की कार्य सिद्धीस गेले, अशी आमची समजूत. ढिगात हात घालून पाहणे हे हॉवर्ड आणि वाड यांचे शास्त्र होते, आणि तेच आमच्या कागदांतून गळून गेले.

हॉवर्ड १९३१ साली इंदूर सोडून गेले. पुढे त्यांना 'सर' किताब मिळाला आणि सेंद्रिय शेतीच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना झाली. ती योग्यच आहे. परंतु पुस्तकावरचे दुसरे नाव, मराठी वळणाचे, इंदुरातच किती जणांना आठवते? आज हे शहर स्वच्छतेसाठी देशभर गाजते आहे आणि घरोघरी ओला कचरा वेगळा निघतो आहे. तो वेगळा करताना वाडांचे स्मरण व्हावे, एवढीच आमची अपेक्षा. ढिगातले दंडाणू नावासाठी राबत नाहीत, हे खरे. पण माणसांच्या बाबतीत ही सबब पुढे करणे आम्हांला शोभत नाही.